वाईकर भगिनींची संगीत पार्टी : गाणे आणि गाण्याचे मोल



कामगार संघटनेचा माणूस व्याख्यानाला उभा राहिला, म्हणजे तो मजुरी, बोनस आणि संप यांविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती समजूत आम्ही आजही खोटी पाडणार नाही. आजचा विषय गाण्याचा असला, तरी बोलणे मजुरीविषयीच आहे. ज्या बायकांनी गाण्यावर स्वतःचे आणि घरातल्या माणसांचे पोट भरले, आणि तरीही ज्यांच्या गाण्याला फार काळ कोणी काम म्हटले नाही, अशा बायकांच्या एका मेळाचा इतिहास आम्हांला आपल्यापुढे मांडायचा आहे. त्या मेळाचे नाव 'यमुना-हिरा-तारा वाईकर संगीत पार्टी'.

आपल्या भागात हे दिवस तेंदूच्या हंगामाचे. पहाटे जंगलात गेलेली बाई पाने घेऊन येते, ती जुळवते, सत्तर पानांचा पुडा बांधते आणि फळीवर नेऊन देते. हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी होते. त्या बाईला मिळणारा भाव पुरेसा आहे असे आम्ही कधीच म्हटले नाही. पण निदान तिच्या कष्टाला माप आहे. माप आहे म्हणून भावासाठी भांडता येते. गाण्याला पुडा नाही आणि गोणीही नाही. रात्रभर गायलेल्या बाईने सकाळी कोणाकडे कसला हिशेब मागावा? ज्या कष्टाचे माप ठरत नाही, त्या कष्टाला लोक हौस म्हणतात किंवा बक्षीस देतात. मजुरी मात्र देत नाहीत. या एका गोष्टीसाठी हा इतिहास पाहण्याजोगा आहे.

मुलचेऱ्याच्या श्रोत्यांना बायकांच्या सामूहिक गाण्याची ओळख करून देण्याची गरज नाही. माडिया आणि गोंड मुली एकमेकींच्या कमरेला हात घालून रांग धरतात, एक बाजू ओळ म्हणते, दुसरी ती उचलते, आणि रेला रात्रभर चालतो. पूर्व पाकिस्तानातून निर्वासित होऊन आलेली बंगाली कुटुंबे या परिसरात वसली, त्यांच्या घरांतूनही बायकांचे गाणे आले. पण हे गाणे गावाचे, सणाचे आणि लग्नाचे आहे. त्यावर कोणाची चूल अवलंबून नाही. पोटासाठी होणारा आपल्याकडचा खेळ म्हणजे झाडीपट्टीचे नाटक. त्याच्या आधीची दंडार आणि खडी गंमत पाहिली, तर तेथे बाईचे सोंग पुरुषच घेत आले. बाई रंगमंचावर आली ती पुढे. तेव्हा ज्या बायकांनी गाणे हाच धंदा केला आणि तो स्वतःच्या नावावर चालवला, त्यांचा इतिहास पाहायचा तर आपल्याला महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, सातारा जिल्ह्यात कृष्णाकाठच्या वाईला जावे लागते.

तिकडची तमाशाची व्यवस्था थोडक्यात समजून घेतली पाहिजे. तमाशाचे दोन प्रकार आहेत. एक ढोलकी फड. त्यात गण, गवळण, बतावणी आणि वग असतो, सोंगाड्या असतो, आणि फडाचा मालक पुष्कळदा पुरुष असतो. पट्ठे बापूराव आणि पवळा हिवरगावकरीण यांचा फड या प्रकारचा. तमाशाच्या फडावर उभी राहिलेली पहिली स्त्री म्हणून पवळेचे नाव घेतले जाते. दुसरा प्रकार संगीत बारीचा. बारी म्हणजे पाळी. एका थिएटरात अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात आणि त्या पाळीपाळीने गातात. येथे वग नाही, सोंगाड्या नाही. गाणे, नाच आणि अदा यांवरच सारा खेळ उभा असतो. पार्टीची मालकीण बाई असते, तबला, ढोलकी आणि पेटी वाजवणारे पुरुष तिच्याकडे कामाला असतात. कारखान्यात आणि शेतात बाई मजूर असताना जिथे बाई मालकीण होती, असा हा मराठी मुलखातला एक दुर्मिळ धंदा होय.

मात्र या मालकीपणाचे फार कौतुक करण्यापूर्वी ती कोठून आली हे पाहिले पाहिजे. संगीत बारीतल्या पुष्कळ बायका कोल्हाटी समाजातल्या. या भटक्या समाजात घरातली एक मुलगी नाचगाण्याला लागे आणि तिच्या मिळकतीवर आईबाप, भाऊ आणि भावांची मुले जगत. तिचे लग्न होत नसे. तिच्या मुलांना बापाचे नाव मिळत नसे. किशोर शांताबाई काळे यांनी १९९४ साली 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात हे सारे मुलाच्या बाजूने सांगितले आणि आईचे नाव आपल्या नावात लावले. ज्यांना लावणी म्हणजे केवळ शृंगार वाटतो, त्यांनी ते पुस्तक वाचावे.

यमुनाबाईंचा जन्म ३१ डिसेंबर १९१५ चा. माहेरचे आडनाव जावळे. घरची गरिबी आणि भावंडांत त्या थोरल्या. आई गीताबाई गाणारी. आईच्या मागे गावोगाव, रस्त्यावर आणि जत्रेत गाऊन पोट भरणे, हीच यमुनाबाईंची शाळा. दहाएक वर्षांच्या वयात त्या तमाशात गेल्या आणि पायांत चाळ बांधले. पुढे मुंबई गाठली आणि तेथेही आरंभी रस्त्यावरच गाऊन-नाचून पैसे मिळवले. रस्त्यावर गाणाऱ्या मुलीला श्रोता धरून ठेवावा लागतो. त्याला खुर्ची नसते आणि तिकीटही नसते, त्यामुळे गाणे पडले की तो चालू लागतो. ज्यांनी गेटसमोर सभा घेतल्या आहेत, त्यांना हे शिक्षण किती कठीण असते ते कळेल.

या कष्टातून यमुना, हिरा आणि तारा या बहिणीबहिणींची पार्टी उभी राहिली. पार्टीला त्यांनी आपल्या तिघींची नावे दिली आणि पुढे गावाचे नाव जोडले. गोष्ट लहान दिसते, पण आम्ही संघटनेची माणसे नावाच्या पाटीकडे लक्षपूर्वक पाहतो. पाटीवर ज्याचे नाव, त्याचा धंदा. गिरणीच्या फाटकावर कधी विणकराचे नाव लागले नाही, बिडीच्या कट्ट्यावर वळणाऱ्या बाईचे नाव छापले गेले नाही. येथे मात्र गाणाऱ्या बायकांची नावे पाटीवर होती, आणि तीही एकटीदुकटीची नव्हे, तिघींची. गाणे एकीचे नसते, ते मेळाचे असते, ही कबुली त्या नावातच आहे.

मेळाचे गाणे म्हणजे काय, हेही सांगायला हवे. पाश्चात्त्य पद्धतीत तीन कंठ एकाच वेळी तीन निराळ्या स्वरांवर चालतात आणि त्यांच्या मिळण्यातून रंग भरतो. आपल्याकडची रीत निराळी. चाल एकच, ती एकीने मांडायची, दुसरीने झेलायची, तिसरीने शेवट उचलून धरायचा. फडात ओळीच्या शेवटी साथीदार वरच्या स्वरात झील ओढतात, तेव्हा मुख्य गाणाऱ्याला दम घ्यायला वेळ मिळतो आणि गाणे मात्र तुटत नाही. बैठकीच्या लावणीत याहून बारीक काम असते. गाणारी बाई बसूनच एक ओळ पुन्हा पुन्हा म्हणते, आणि दर वेळी डोळ्यांनी, बोटांनी, मानेच्या एका वळणाने त्या ओळीचा नवा अर्थ सांगते. छक्कड चपळ, बालेघाटी संथ आणि विरहाने भरलेली, चौकाची लावणी लांब पल्ल्याची. हे सारे पाठ असावे लागते, कारण समोरून कोणती फर्माईश येईल याचा नेम नसतो. यमुनाबाईंनी लावणीवर न थांबता ठुमरी आणि गझलही आत्मसात केली. हे शिक्षण कोणत्याही विद्यालयात झाले नाही. ते धंदा करता करता झाले, जसे आमच्यापैकी पुष्कळांचे झाले.

आता मिळकतीकडे वळू. थिएटरचा मालक जागा देतो, त्याबद्दल उत्पन्नातला वाटा घेतो. उरलेल्यातून पार्टीने वाजवणाऱ्यांचे, स्वयंपाकाचे, कपड्यांचे आणि प्रवासाचे भागवायचे. याखेरीज दौलतजादा. एखाद्या शौकिनाने नोट पुढे करून ओळ पुन्हा म्हणायला सांगायची, आणि बाईने ती नोट अदबीने घेऊन ओळ म्हणायची. काही रात्री त्यात चांगले पैसे मिळत. परंतु दौलतजादा हे वेतन नव्हे. वेतन कामावर ठरते, दौलतजादा देणाऱ्याच्या मर्जीवर आणि घेणारीच्या वयावर. गळा पन्नाशीत अधिक पिकतो, असे गाण्यातले जाणकार सांगतात. नोटा मात्र विशीतल्या पोरीवर पडतात. जे काम वयाबरोबर सुधारते, त्याची मिळकत वयाबरोबर घटत जाते. एवढे उलटे गणित आम्ही दुसऱ्या कोणत्याही धंद्यात पाहिलेले नाही.

या धंद्यावर बाहेरूनही घाव पडत गेले. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई राज्यात तमाशावर बंदी आली. अश्लीलता हे कारण सांगितले गेले. पुढे बंदी उठली, पण खेळ आधी तपासून घ्यायचा, ही अट मागे राहिली. बंदी घालणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे आम्ही म्हणत नाही. पण बंदीच्या काळात त्या बायकांनी खायचे काय, हा प्रश्न कोणाला पडल्याचे दिसत नाही. गंमत अशी, की त्याच काळात, १९४७ साली, 'लोकशाहीर रामजोशी' हा चित्रपट गाजला आणि १९५९ साली आलेल्या 'सांगत्ये ऐका' या तमाशापटाने पुण्यात एकाच चित्रगृहात १३२ आठवडे मुक्काम केला. जी लावणी तंबूत असभ्य ठरत होती, ती पडद्यावर कुटुंबासह पाहण्याची गोष्ट झाली. सुलोचना चव्हाण यांच्या आवाजाने लावणी घरोघरी पोहोचली. त्या गुणवंत गायिकेला आमचा नमस्कारच आहे. परंतु लोकांना तीच ध्वनिमुद्रित गाणी हवीशी झाली. मग संगीत बारीतल्या बायकांना स्वतःच्या परंपरेतली लावणी बाजूला ठेवून चित्रपटातली लावणी म्हणावी लागली.

तिसरा घाव मुंबईचा. लालबागच्या हनुमान थिएटरसारखी तमाशाची ठिकाणे गिरणी कामगारांच्या खिशावर चालत. गावाकडून आलेला कामगार पगाराच्या दिवशी आपल्या मुलखाची भाषा आणि गाणे ऐकायला तेथे जाई. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला, तो फसला, आणि पुढे गिरण्याच बंद पडत गेल्या. श्रोता गेला, पाठोपाठ थिएटरही बंद झाले. गिरण गेल्यावर विणकर उघड्यावर पडला, याची नोंद पुष्कळांनी केली. त्या विणकराच्या पगारातून ज्यांच्या चुली पेटत, त्या गाणाऱ्या बायकांचा हिशेब कोणी ठेवला नाही. एक धंदा बुडतो तेव्हा त्याच्या सावलीतले धंदे मुकाट बुडतात, हा धडा सर्वच संघटनांनी घ्यावा असा आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत केंटकी राज्याच्या डोंगराळ भागातली लिली मे लेडफोर्ड ही गरीब शेतकरी कुटुंबातली मुलगी. ती फिडल आणि बँजो वाजवी आणि गाई. १९३७ साली जॉन लेअर नावाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या चालकाने ती, तिची बहीण रोझी आणि आणखी दोन मुली यांचा मेळ बांधला. मेळाचे नाव 'कून क्रीक गर्ल्स' हे त्यानेच ठरवले. दोघींची नावे लिली आणि रोझी, म्हणजे फुलांची होती, म्हणून उरलेल्या दोघींनाही व्हायोलेट आणि डेझी अशी फुलांची नावे देण्यात आली. लिलीने फिडलपेक्षा बँजो पुढे ठेवावा, हाही त्याचाच आग्रह. डोंगरातली मुलगी कशी दिसावी याची त्याची एक कल्पना होती. ८ जून १९३९ रोजी या मुली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निवासस्थानी इंग्लंडच्या राजाराणीपुढे गायल्या. पुढे तिसरी लेडफोर्ड बहीण मिनी हीही मेळात आली, आणि १९५७ साली मेळ मोडला. १९८५ साली लिली मे हिला राष्ट्रीय सन्मान मिळाला, आणि त्याच वर्षी ती वारली.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे वाईच्या पार्टीची थोरवी ध्यानात येते. अमेरिकेतल्या मुलींना रेडिओ मिळाला, पण मेळाचे नाव, वाद्य आणि सोंग मालकाने ठरवून दिले. वाईच्या बहिणींना रेडिओचा मालक भेटला नाही. दारिद्र्य, जात आणि बदनामी हे मात्र पदरी होते. तरी पार्टीचे नाव त्यांचे स्वतःचे राहिले. आणि दोन्हीकडे शेवट सारखाच झाला : मेळाने केलेल्या कामाचा सन्मान एकीच्या नावाने आणि उशिरा आला.

यमुनाबाईंना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९७७ साली मिळाला, तेव्हा त्यांचे वय एकसष्ट होते. अशोक दा. रानडे यांच्यासारख्या संगीताच्या अभ्यासकांनी शिकल्यासवरल्या मंडळींचे लक्ष त्यांच्या गायनाकडे वेधले. कथ्थकचे थोर नर्तक बिरजू महाराज यांच्यासमवेत त्या मंचावर आल्या. २०१२ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा वय शहाण्णव होते. १५ मे २०१८ रोजी, वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षानंतर, वाई येथे त्यांचे निधन झाले. वाई हे पंडितांचे गाव. प्राज्ञपाठशाळा तेथली, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी तेथले, मराठी विश्वकोशाचे काम तेथे चालले. त्याच गावचे नाव वाईकर भगिनींनी आपल्या पाटीवर लिहून सगळीकडे नेले. पाठशाळेतली विद्या आणि बारीतली विद्या एकाच घाटावर पाणी भरत होत्या, परंतु दोघींची ओळख व्हायला फार वर्षे लागली.

सन्मान मिळू नये असे आम्ही म्हणत नाही. सन्मान आणि सुरक्षितता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच आमचे म्हणणे. विठाबाई नारायणगावकर यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. खेळ चालू असताना त्या पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येण्यास निघाल्या. लोक ही गोष्ट निष्ठेचा नमुना म्हणून सांगतात आणि टाळ्या घेतात. आम्हांला मात्र ती ऐकताना रजेचा प्रश्न आठवतो. बाळंतपणाच्या रजेचा कायदा देशात १९६१ साली झाला आणि त्यात बारा आठवड्यांची भरपगारी रजा ठरली. १९७३ साली सर्कस आणि तत्सम खेळ करणाऱ्या आस्थापनाही त्या कायद्याखाली आणल्या गेल्या. पण फडात नेमणुकीचा कागद नसतो, हजेरीपुस्तकही बहुधा नसते. मग कायदा कोणाच्या नावाने मागायचा? विठाबाईंना १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव लाभला, आणि २००२ साली त्या गेल्या, त्या आर्थिक विवंचनेतच. बिडी कामगारांसाठी कल्याण निधीचा कायदा १९७६ साली झाला, चित्रपट कामगारांसाठी १९८१ साली. चित्रपटात लावणीच्या दृश्यात दिवा धरणाऱ्या माणसापर्यंत निधी पोहोचण्याची वाट तरी झाली. जिच्याकडून ती लावणी आली, तिच्यासाठी तसा निधी झाला नाही. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे, आणि २०२४ साली ते मानधन महिना ५,००० रुपये करण्यात आले. हे स्वागतार्हच आहे. परंतु मानधन हे शब्दाप्रमाणेच मानाचे धन आहे. ते अर्ज करून मिळते, हक्काने साठत नाही.

येथे कोणी विचारील की, ज्या धंद्यात मुलीला जन्मावरून ढकलले जाते, तो धंदा टिकावा असे तुम्हांला वाटते काय? प्रश्न योग्य आहे. आमचे उत्तर असे : धंद्याला जखडणारी रूढी गेलीच पाहिजे, आणि कोल्हाटी समाजातल्या शिकलेल्या मुली आज निराळ्या वाटांनी जात आहेत याचा आम्हांला आनंद आहे. परंतु रूढी मोडणे म्हणजे गाणे मोडणे नव्हे. मैला डोक्यावरून वाहण्याची पद्धत बंद झाली पाहिजे असे आपण म्हणतो, तेव्हा त्या कामगाराला वाऱ्यावर सोडा असे म्हणत नाही. मुलीला गाण्याचा धंदा सोडण्याची मोकळीक हवी, आणि जिला तो करायचा आहे तिला त्याचे ठरलेले दाम हवे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधी नाहीत. सोडण्याची मोकळीक असलेला कामगारच दामासाठी ताठ मानेने बोलू शकतो.

आता हे सारे आपल्या गावाशी जोडून आमचे बोलणे संपवतो. झाडीपट्टीच्या रंगभूमीला मोठे दिवस आले आहेत. दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव नाटके होतात, वडशाच्या मंडळ्या रात्रीमागून रात्री फिरतात, आणि २०२३ साली आपल्या जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या झाडीपट्टीची छाती फुगली. त्या मंडळ्यांतून गाणाऱ्या, नाचणाऱ्या आणि भूमिका करणाऱ्या बायका थंडीच्या रात्री एका गावाहून दुसऱ्या गावी जातात. त्यांचा करार कागदावर असावा, रात्रीचा दर आधी ठरावा, दुखण्याच्या दिवसांची काही सोय असावी, आणि जाहिरातीच्या पत्रकावर त्यांचे नाव ठळक छापले जावे. हे ठरवण्यासाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. नाटक ठरवणारे गावचे मंडळ आणि कंपनीचा मालक एका बैठकीत एवढे ठरवू शकतात.

तसेच रेल्याचे. रेला हा धंदा नव्हे, आणि तो धंदा व्हावा अशी आमची इच्छाही नाही. गावात, आपल्या सणाला, आपल्या आनंदाने तो चालावा. पण एखाद्या समारंभाला पाहुणे येणार म्हणून मुलींना बोलावून उन्हात उभे केले, की तो सण राहत नाही, ते काम होते. त्या दिवशी त्या मुलींची मजुरी बुडालेली असते. तेंदूच्या हंगामात बुडालेला एक दिवस म्हणजे किती पुडे, हे या सभेत बसलेल्या प्रत्येक बाईला तोंडपाठ आहे. बोलावणाऱ्यांनी तेवढे पुडे मोजून त्यांचे दाम द्यावेत. गाण्याला माप नाही असे आम्ही आरंभी म्हणालो. निदान हे एक माप तरी आपल्या हाताशी आहे, आणि ते वापरायला उद्यापासून सुरुवात करता येईल.